आठ बे, चार डिस्क आणि डोक्याचा भुगा: घरच्या सर्व्हरची मांडणी कशी करू?

नवखा_गडी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

ऑफिसातून निकाली निघालेला एक रॅकचा सर्व्हर हाती लागलाय. पुढून ३.५ इंची डिस्कचे ८ बे (डिस्क सरकवायचे खण), ६४ जीबी ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम आणि आत एक हार्डवेअर रेड कार्ड (अनेक डिस्क मिळून एकच मोठी डिस्क भासवणारं). कार्डाची बॅटरी मेलेली आहे. डिस्क एकही नाही, त्या ऑफिसने काढून घेतल्या (बरोबरच आहे म्हणा).

ठेवायचं काय, तर घरचे फोटो आणि व्हिडिओ मिळून २ टीबी, सिनेमे आणि रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ६ टीबी, लॅपटॉपचे बॅकअप पाऊणेक टीबी, आणि शिकण्यासाठी दहा-बारा व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक), ती अर्ध्या टीबीत बसतात. नेटवर्क सध्या १ गिगाबिट, पुढेमागे अडीच करीन.

माझा बेत असा: ८ टीबीच्या ४ साध्या डेस्कटॉप डिस्क घेऊन रेड ५ (एक डिस्क मेली तरी डेटा वाचतो), म्हणजे २४ टीबी जागा. वर १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) कॅश म्हणून लावायची, म्हणजे सगळं सुसाट. उरलेले चार बे भविष्यासाठी.

यात काय चुकतंय ते सांगा. काहीतरी चुकतंय एवढं नक्की कळतंय.

खटपट्या

रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

नवखा_गडी

हा प्रतिसाद पहिला येणार यावर मी स्वतःशीच पैज लावली होती.

खटपट्या

जिंकलात. आता बॅकअप कुठे ठेवणार ते सांगा. :)

माळ्यावरचा_पेटारा

खटपट्यांनी चेष्टेत विचारलं असलं तरी प्रश्न खरा आहे, त्याकडे शेवटी येतो. आधी तुमच्या बेताबद्दल.

मी पोटापाण्यासाठी स्टोरेज सांभाळतो, त्यामुळे माझी सवय उलटी आहे. डिस्क घेताना मी वेग किंवा जागा पाहत नाही, ती मरेल त्या दिवशी काय होईल ते आधी पाहतो. तुमच्या रेड ५ मधली एक डिस्क मेली असं धरा. नवी घातली की उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचून चौथी नव्याने लिहायची, यालाच रीबिल्ड म्हणतात. फिरत्या डिस्कचा वेग बाहेरच्या ट्रॅकवर चांगला असतो आणि आत जाता जाता जवळजवळ निम्म्यावर येतो. सरासरी १६० एमबी प्रतिसेकंद धरली तरी ८ टीबीला १४ तास लागतात. तेही दुसरं काहीच काम चालू नसताना. घरचे सिनेमे बघत राहिले तर दीड-दोन दिवस सहज. तेवढा वेळ तुम्ही देव पाण्यात घालून बसणार, कारण त्या काळात दुसरी डिस्क गेली की सगळंच गेलं. आणि हार्डवेअर कार्डाला डेटा किती आहे हे कळत नाही. डिस्कवर एकच फोटो असला तरी ते अख्खे ८ टीबी घोटत बसणार.

दुसरं, मेलेल्या बॅटरीचं कार्ड. बॅटरी नसली की बहुतेक कार्डं लिहिण्याची कॅश बंद करतात, मग रेड ५ वरचं लेखन गोगलगाय होतं. जबरदस्तीने ती कॅश चालू ठेवली, तर वीज गेली त्या क्षणी कॅशमध्ये असलेलं गेलं. शिवाय कार्डच मेलं तर त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड शोधत फिरा, कारण डिस्कवरची मांडणी त्या कार्डालाच वाचता येते.

आणि तिसरं, विचारून ठेवतो: डिस्क मेली तर आठ बेंपैकी नेमकी कोणती मेली हे रात्री दोन वाजता कसं ओळखणार?

नवखा_गडी

दिवा लागेल ना लाल?

माळ्यावरचा_पेटारा

लागेलही. कार्ड काढून साधा कंट्रोलर लावलात तर नाहीही लागणार. विचार करून ठेवा.

आकडेमोड

पेटाराशेठ, तुम्ही तो प्रसिद्ध १० चा १४ वा घात काढला नाहीत याबद्दल आभार. पण आता कोणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो.

डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १० च्या १४ व्या घाताइतके बिट वाचताना न वाचता येणारा एक सेक्टर निघू शकतो. तेवढे बिट म्हणजे १२.५ टीबी. रीबिल्ड करताना तीन डिस्क वाचायच्या म्हणजे २४ टीबी. आकडा शब्दशः घेतला तर रीबिल्ड बिनचूक पार पडायची शक्यता जेमतेम १५ टक्के. यावरून ‘रेड ५ मेलं’ असं आंतरजालावर वर्षानुवर्षं सांगितलं जातंय.

गणित बरोबर आहे, पण गृहीतक कच्चं. माझ्या झेडएफएस पूलमध्ये (झेडएफएस ही रेडही स्वतःच सांभाळणारी फाइल सिस्टम, पूल म्हणजे तिच्या डिस्कांचा एकत्र साठा) ३० टीबी भरलेले आहेत आणि दर महिन्याला मी स्क्रब चालवतो, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसमशी (डेटासोबत ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्याशी) ताडून पाहतो. तो आकडा शब्दशः खरा असता तर दर महिन्याला दोन-अडीच चुका दिसायला हव्या होत्या. वर्षभरात एकही दिसलेली नाही. माहितीपत्रकातला आकडा ही कंपनीने मान्य केलेली कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. मोठ्या क्षमतेच्या आणि एंटरप्राइझ डिस्कना तो १० चा १५ वा घात देतात, म्हणजे १२५ टीबी.

रेड ५ ला घाबरायचं खरं कारण वेगळं आहे. ‘एक डिस्क मरायची शक्यता अमुक, दोन मरायची त्याचा वर्ग’ हे गणित डिस्क एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच चालतं. आपण काय करतो? एका दिवशी, एकाच ठिकाणाहून, एकाच खोक्यातल्या चार डिस्क आणतो. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या, एकाच पॉवर सप्लायवर, एकाच उष्णतेत, एकाच थरथरीत चालणाऱ्या. एकाच माळेचे मणी. एक ओघळला की बाकीचे का राहतील?

याचं टोकाचं उदाहरण २०१९ सालचं आहे. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने काही सॅस (सर्व्हरच्या डिस्कजोडणीच्या) एसएसडींसाठी तातडीचं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) काढलं, कारण जुन्या फर्मवेअरवर त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडत. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. सगळ्या एकाच दिवशी चालू केल्या असतील तर सगळ्या एकाच तासाला बंद. तिथे दोन डिस्क मेल्या तरी चालणारं रेड ६ काय आणि रेड ६० काय.

खटपट्या

बाप रे. हे वाचून मी माझ्या सर्व्हरचे तास बघून आलो.

सौदामिनी

नवखा_गडी, ‘साध्या डेस्कटॉप डिस्क’ या शब्दांवर अडले. माझी हकीकत सांगते.

चार डिस्कचा रेड-झेड (झेडएफएसचं रेड ५) होता, एक डिस्क कुरकुरायला लागली म्हणून नवी आणली. तेवढ्याच टीबीची, तीच कंपनी, खोकंही तसंच. रिसिल्व्हर (झेडएफएसचा रीबिल्ड) लावला आणि झोपले. सकाळी पाहते तर ४ टक्के. दुसऱ्या दिवशी ९. मग त्या नव्या डिस्कवर चुका दिसायला लागल्या आणि झेडएफएसने तिला पूलमधून बाहेर काढलं. मी केबल बदलली, बे बदलला, पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभर हाच खेळ. मग कळलं की नवी डिस्क एसएमआर होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साध्या म्हणजे सीएमआर डिस्कमध्ये ट्रॅक शेजारी शेजारी, सुटे असतात. एसएमआरमध्ये ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक सरकवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी उचलून पुन्हा बसवायला लागतात. ही उठाठेव डिस्क स्वतःच मागच्या मागे करते. आधी एका छोट्या साध्या पट्ट्यात लिहून घेते, मग निवांत वेळ मिळाला की जागेवर बसवते. घरगुती वापरात निवांत वेळ मिळतो, म्हणून काही जाणवत नाही. रीबिल्डमध्ये निवांतपणा कुठला? पट्टा भरला की डिस्क हात वर करते आणि एकेक विनंती सेकंदांवर जाते.

माझी एकटीचीच चूक नव्हती हेही नंतर कळलं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणपेटीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (लाल या अर्थाचं नाव, आपलं रेड ५ वालं नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमध्ये एसएमआर असल्याचं बाहेर आलं आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर त्यांनी सीएमआरवाल्या डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं.

नवखा_गडी

सौदामिनीताई, पण ओळखायचं कसं? खोक्यावर लिहितात का?

सौदामिनी

खोक्यावर सहसा नाही. २०२० च्या गोंधळानंतर डिस्क बनवणाऱ्या तिन्ही कंपन्यांनी मॉडेलवार याद्या प्रसिद्ध केल्या, तिथे पूर्ण मॉडेल नंबर टाकून बघायचा. शेवटची दोन अक्षरंही महत्त्वाची, एका अक्षराने जात बदलते. डिस्क आधीच हातात असेल तर फिरती असूनही ट्रिम (रिकामी झालेली जागा कळवायची एसएसडीची सोय) चालतं असं ती सांगते का ते बघा. सांगत असेल तर बहुधा एसएमआर. पण ‘सांगत नाही म्हणजे सीएमआर’ असा उलटा अर्थ लावू नका.

एसएमआर टाकाऊ नाही हं. एकदा लिहून कपाटात ठेवायच्या बॅकअपला चालते. रेडमध्ये मात्र नको म्हणजे नकोच.

माळ्यावरचा_पेटारा

+१. डेस्कटॉप डिस्कबद्दल आणखी एक. खराब सेक्टर लागला की ती हट्टाने पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. एकटी असेल तर ते योग्यच, कारण दुसरी प्रत नाही. रेडमध्ये दुसरी प्रत असते, तिने चटकन ‘जमत नाही’ म्हणावं अशी अपेक्षा असते. लिनक्स कर्नल ३० सेकंद वाट पाहून डिस्कला रीसेट मारतो आणि चांगली डिस्क बाद ठरते. नॅससाठीच्या डिस्कवर ही मर्यादा ७ सेकंदांवर लावलेली असते. काही डेस्कटॉप डिस्कवर स्मार्टसीटीएल या कमांडने लावता येते, पण वीज गेली की विसरतात, म्हणून दर बूटला लावायची. काहींवर लागतच नाही.

टाकाऊतून_टिकाऊ

कंट्रोलरचं मी सांगतो, तो माझा प्रांत.

ते रेड कार्ड काढा. झेडएफएस किंवा लिनक्सचं स्वतःचं एमडी रेड, काहीही वापरा, पण डिस्क थेट दिसायला हव्यात. त्यासाठी एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड) लागतं. एलएसआयचं ९२११-८आय हे या छंदातलं सगळ्यात झिजलेलं नाणं, सॅस२००८ चिप. त्यावर आयटी मोडचं फर्मवेअर असलं की ते रेडच्या भानगडीत पडत नाही, डिस्क जशीच्या तशी पुढे करतं. ९३००-८आय ही त्याची पुढची पिढी. तुमच्या सध्याच्या कार्डाच्या चिपचा नंबरही बघा, काही चिप फर्मवेअर बदलून चालतात. मात्र १०६८ चिपचं पुरातन कार्ड कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका, त्याला २ टीबीच्या पुढची डिस्क पूर्ण दिसत नाही.

ही कार्डं सर्व्हरच्या वाऱ्याच्या हिशेबाने बनवलेली असतात. तुमचा सर्व्हरच आहे म्हणून ठीक. पण साध्या कॅबिनेटमध्ये लावणाऱ्यांनी हीटसिंकवर एक छोटा पंखा बांधावा. कार्ड तापलं की ‘डिस्क खराब’ असल्याच्या अफवा पसरवतं.

सॅस कंट्रोलरला साटा (घरगुती जोडणीची) डिस्क चालते, साटा कंट्रोलरला सॅस डिस्क चालत नाही. जुन्या सॅस डिस्क घेणार असाल तर सेक्टर किती बाइटचा ते विचारा. मोठ्या स्टोरेज यंत्रांतून निघालेल्या डिस्क ५२० बाइटच्या असतात, त्या सर्व्हरला दिसतात पण वापरता येत नाहीत. एसजी_फॉरमॅटने ५१२ वर आणता येतात. वेळ मात्र तासांत लागतो आणि मध्येच वीज गेली तर डिस्क रुसते.

आणि बाहेरच्या यूएसबी डिस्कचं कवच फोडून आतली डिस्क वापरणाऱ्यांसाठी: फिरतच नसेल तर मेलेली समजू नका. नव्या साटा नियमात वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं असतं, आणि जुने पॉवर सप्लाय तिथे कायम ३.३ देतात. त्या पिनेवर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा) बारीक तुकडा लावला की झालं.

शांतता_राखा

मध्येच तोंड घालते. सर्व्हर कुठे ठेवणार आहात? ८ डिस्क प्रत्येकी ६ वॉट धरल्या तरी नुसत्या डिस्कचे ४८ वॉट, म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास. शिवाय ते पंखे. माझ्या घरात असा सर्व्हर दोन महिने टिकला, मग घरच्यांनी मला किंवा त्याला बाहेर काढायचं ठरवलं.

आकडेमोड

आवाज डिस्कलाही आवडत नाही! २००८ मध्ये सन कंपनीत असलेल्या ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कच्या रांगेसमोर उभं राहून मोठ्याने ओरडून दाखवलं होतं. आलेखात त्याच क्षणी डिस्कच्या प्रतिसादाचा वेळ टोकदार वर गेला. थरथर हा रेडमधला खरा शत्रू आहे, म्हणून जास्त बे असलेल्या पेटीसाठीच्या डिस्कमध्ये थरथर मोजून डोकं सावरणारे सेन्सर असतात.

खटपट्या

म्हणजे डिस्कवर चिडायचं नाही. नोंद घेतली.

नवखा_गडी

खूपच छान माहिती मिळतेय, सगळ्यांना दंडवत. आता बेत बदलला: ८ टीबीच्या ६ सीएमआर डिस्क, एचबीए, झेडएफएस, रेड-झेड२ (दोन डिस्क मेल्या तरी चालणारं). त्यावरच सगळं, व्हर्च्युअल मशीनही. आणि कॅशला एनव्हीएमई. आता बरोबर?

माळ्यावरचा_पेटारा

फोटो-सिनेम्यांसाठी उत्तम. व्हर्च्युअल मशीनसाठी वाईट.

७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हवा तो सेक्टर डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद. डोकं योग्य ट्रॅकवर जायला साधारण ८. एका कामाला १२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या आसपास कामं. आता रेड-झेडची खोच ऐका: विखुरलेल्या कामांसाठी अख्खा व्हीडेव्ह (पूलमधला डिस्कांचा गट) मिळून एका डिस्कइतकाच वेग देतो, कारण एकेका ब्लॉकसाठी सगळ्यांना हलावं लागतं. म्हणजे सहा डिस्क घेऊन ऐंशीच. दहा मशीन एकदम अपडेट व्हायला लागली की प्रत्येकीच्या वाट्याला आठ. मोठी फाइल सलग वाचताना हेच सहाजण धावतात, तिथे तक्रार नाही.

मशीनसाठी दोन एसएसडींचा वेगळा मिरर (दोन्हींवर तीच प्रत) करा. अर्ध्या टीबीचा तर प्रश्न आहे.

आकडेमोड

आणि कॅशबद्दल. झेडएफएसमध्ये ‘कॅश’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात आणि तिन्हींबद्दल गैरसमज आहेत.

एसलॉग ही लिहिण्याची कॅश नव्हे. ‘डिस्कवर पोचलं याची खात्री दे, मगच पुढे जातो’ असं म्हणणाऱ्या लेखनापुरतीच ती असते, डेटाबेस किंवा एनएफएस फाइलशेअरसारख्या. सिनेमा कॉपी करताना ती हलतसुद्धा नाही. आणि लागते किती? झेडएफएस साधारण दर ५ सेकंदांनी साठलेलं लेखन मूळ डिस्कवर उतरवतो. १ गिगाबिट नेटवर्कवरून ५ सेकंदांत फार तर ५६० एमबी येणार. दुप्पट-तिप्पट धरली तरी २ जीबी. तिथे १ टीबीची एनव्हीएमई म्हणजे घागरीसाठी तलाव खणणं.

शिवाय तिथे साधी एनव्हीएमई चालत नाही. वीज गेल्यावर हातातलं काम संपवण्यापुरते कपॅसिटर आत असलेली, पीएलपीवाली हवी. ते नसले की खात्रीचं प्रत्येक लेखन खरोखर फ्लॅशवर जाईपर्यंत थांबावं लागतं आणि खोक्यावर लाखांचे आकडे छापलेली एसएसडी प्रत्यक्षात शेकडो-हजारांवर येते.

दुसरी एल२आर्क, वाचनाची. ६४ जीबी रॅम असताना तुमच्यासारख्या वापराला ती जाणवणारही नाही. उलट तिचा हिशेब ठेवायलाच रॅम जाते.

तिसरा स्पेशल व्हीडेव्ह, ज्यावर मेटाडेटा आणि हवे तर छोटे ब्लॉक जातात. फोल्डरांची यादी झटकन येते, खरंच मजा येते. पण ती कॅश नव्हे, पूलचा अवयव आहे. तो गेला की पूल गेला. एकट्या एसएसडीवर तो बांधणारे लोक मी पाहिलेत आणि नंतर त्यांचे धागेही वाचलेत.

सौदामिनी

एसएसडी घेताना क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारी) टाळा. सुरुवातीचे काही जीबी एसएलसी कॅशमध्ये (पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या वेगवान भागात) जातात तेव्हा सुसाट, ती भरली की फिरत्या डिस्कच्याही मागे पडते. व्हर्च्युअल मशीनसाठी मी जुन्या एंटरप्राइझ साटा एसएसडी घेते, पीएलपीवाल्या. वेग ५००-५५० एमबीच, पण दिवसरात्र तोच राहतो. आयुष्य किती उरलंय ते स्मार्टमध्ये (डिस्कने स्वतः ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदींत) टक्क्यांत दिसतं. ३.८४ टीबीची, रोज एकदा पूर्ण भरता येईल अशा दर्जाची एसएसडी पाच वर्षांत ७,००० टीबी लेखन सोसते. घरचे बारा मशीन तिचं अर्धंही संपवणार नाहीत.

अल्पसंतुष्ट

सगळं वाचलं. आता मी मिठाचा खडा टाकतो.

यांचा डेटा ९ टीबी आहे. नऊ! एका डिस्कवर मावतो. सहा डिस्क, रेड-झेड२, एचबीए हे सगळं कशासाठी चाललंय?

१६ टीबीच्या तीन डिस्क घ्या. दोघींचा मिरर, तिसरी घराबाहेर. संपलं. सहाच्या जागी दोनच डिस्क फिरणार, शांतताताईंच्या हिशेबाने ३६ वॉट १२ वर येतात. पॅरिटीचं (हरवलेला डेटा काढून द्यायच्या जादा माहितीचं) गणित नाही. झेडएफएस मिररमध्ये फक्त भरलेला डेटा नव्या डिस्कवर उतरवतो, १६ टीबी नव्हे, ९ टीबी. १८० एमबीने १४ तास. अगदीच अडलं तर मिररमधली एकटी डिस्क झेडएफएस घातलेल्या कुठल्याही लिनक्स यंत्राला लावून वाचता येते, रेड-झेडच्या सहापैकी चार डिस्क लावायला कोणाकडे जागा असते? जागा संपली की आणखी दोन डिस्क, दुसरा मिरर, तोच पूल.

आणि वेग? १ गिगाबिटमधून ११२ एमबीच्या वर काही जात नाही. तेवढं एकटी डिस्क देते. अडीच गिगाबिट केलंत तरी २८० एमबी, मिररमधून वाचताना तेही जवळपास मिळेल. सहा डिस्कचा वेग जाणार कुठून, खिडकीतून?

माळ्यावरचा_पेटारा

मिररमध्ये एक डिस्क गेली की उरलेली एकच. त्या १४ तासांत तीही गेली तर? चार डिस्कांचाच हिशेब करा. दोन मिरर आणि रेड-झेड२, दोन्हींत जागा निम्मी. रेड-झेड२ मध्ये कुठल्याही दोन डिस्क जाऊ शकतात. मिररमध्ये सहा जोड्यांपैकी दोन जोड्या घातक.

अल्पसंतुष्ट

तर तिसरी डिस्क आहे ना, घराबाहेर! तुमच्या रेड-झेड२ मध्ये सहाही डिस्क एकाच पेटीत, एकाच पॉवर सप्लायवर. सप्लायने भलता व्होल्टेज सोडला, चोरी झाली, पाणी शिरलं, किंवा मीच चुकून पूल पुसला, तर दोन पॅरिटी काय करणार? तुम्ही कामावर जिथे आहात तिथे सेवा बंद पडणं हे नुकसान आहे. यांच्याकडे दोन दिवस सिनेमे दिसले नाहीत तर घरचे एकमेकांशी बोलतील.

शांतता_राखा

हे शेवटचं वाक्य धोक्याची सूचना म्हणून वाचावं.

माळ्यावरचा_पेटारा

:) बरोबर आहे, माझी नजर कामावरचीच आहे. ९ टीबीला मिरर मलाही मान्य. एकच अट, स्क्रब महिन्यातून एकदा झालाच पाहिजे. न वाचलेला कोपरा रीबिल्डच्या दिवशीच पहिल्यांदा वाचला जाऊ नये.

टाकाऊतून_टिकाऊ

वापरलेल्या डिस्क घेणार असाल तर स्मार्टच्या तासांवर आंधळा विश्वास नको. २०२५ च्या सुरुवातीला जुन्या डिस्कचे तास शून्यावर आणून त्या नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, त्यात खरे तास सापडले.

नवी असो वा जुनी, डेटा टाकण्याआधी तिला रगडा. स्मार्टची लांब चाचणी, मग बॅडब्लॉक्सची लिहून वाचायची चाचणी, मग पुन्हा लांब चाचणी. बॅडब्लॉक्स चार वेगळे नमुने लिहितं आणि प्रत्येक वाचून बघतं, म्हणजे अख्ख्या डिस्कवरून आठ फेऱ्या. १६ टीबीला फेरीमागे जवळजवळ एक दिवस. ब्लॉकचा आकार ४०९६ किंवा त्याहून मोठा द्यायला विसरू नका, नाहीतर मोठ्या डिस्कवर ते सुरूच होत नाही. नंतर स्मार्टमधले ५, १९७ आणि १९८ हे तीन नंबर (खराब सेक्टरांच्या नोंदी) शून्य हवेत.

आकडेमोड

शून्य असले म्हणजे सुटलो असंही नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये महत्त्वाच्या चार स्मार्ट नोंदींपैकी एकही मरण्याआधी हललेली नव्हती. नोंद हलली तर डिस्क बदला. नाही हलली तर बॅकअप बघा.

नवखा_गडी

ठरलं. १६ टीबीच्या सीएमआर तीन, वेगवेगळ्या दोन ठिकाणांहून. दोघींचा मिरर. दोन वापरलेल्या ९६० जीबी पीएलपीवाल्या एसएसडी, मशीनसाठी वेगळा मिरर. कार्डाची चिप चालणारी निघाली, फर्मवेअर बदललं. तिसरी डिस्क बहिणीकडे, दर महिन्याला आणून स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाच्या प्रती) पाठवायचे. एनव्हीएमई नाही. चार आठवड्यांनी येऊन सांगतो.

नवखा_गडी (पाच आठवड्यांनंतर)

आलो. घडलं ते क्रमाने सांगतो.

बॅडब्लॉक्सच्या सहाव्या दिवशी एका डिस्कवर १९७ नंबर शून्यावरून ८ झाला, दुसऱ्या दिवशी २४. परत केली, बदलून मिळाली, पुन्हा आठ दिवस. टाकाऊशेठ, तुमच्यामुळे वाचलो.

मग पूल बनवला, ९ टीबी भरले आणि एका डिस्कवर चेकसमच्या चुका. झालं, म्हटलं ही पण खराब, कंपनीला चार शिव्याही दिल्या. स्मार्टमध्ये पाहिलं तर ५, १९७, १९८ शून्य, पण १९९ नंबर दोनशेच्या वर. शोधल्यावर कळलं की हा आकडा डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या संदेशांचा. सर्व्हर साफ करताना मीच बॅकप्लेनची (बेंच्या मागची पट्टी, जिला डिस्क जोडल्या जातात) केबल अर्धवट बसवली होती. नाचता येईना अंगण वाकडं. केबल नीट दाबली, स्क्रब चालवला, आठवडाभर आकडा हललेला नाही.

सौदामिनी

तो आकडा शून्यावर परत येत नाही हं, घाबरू नका. वाढत नाही ना, एवढंच बघायचं.

खटपट्या

आणि बॅकअपमधून काही परत आणून पाहिलंत का?

नवखा_गडी

पाहिलं. फोटो सगळे आले. लॅपटॉपचे बॅकअप आलेच नाहीत, कारण तो डेटासेट (पूलमधला वेगळा कप्पा) मी नंतर बनवला आणि स्नॅपशॉटच्या यादीत घालायचाच राहिला. आता घातलाय.

आता शेवटची गोष्ट, पेटाराशेठ, खास तुमच्यासाठी. काल म्हटलं, डिस्क मरायच्या दिवसाची तालीम करून बघू. मिररमधली एक डिस्क कमांड देऊन ऑफलाइन केली. ती बे ३ मध्ये आहे हे मला पक्कं माहीत होतं. ट्रे ओढला. पूल जागच्या जागी गोठला, घरात तीन ठिकाणांहून हाका ऐकू आल्या.

मी डावीकडून मोजलं होतं, आणि बॅकप्लेन शून्यापासून मोजतं. चांगली डिस्क हातात, ऑफलाइन केलेली आत. परत घातली, पूल क्लिअर केला, स्क्रब स्वच्छ गेला, पण ती दहा मिनिटं विसरणार नाही.

माळ्यावरचा_पेटारा

दिवा लागला का लाल?

नवखा_गडी

एकही नाही. आज प्रत्येक ट्रेवर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवतोय.

माळ्यावरचा_पेटारा

ट्रेच्या पुढच्या बाजूला चिकटवा. मी पहिल्यांदा वरच्या बाजूला चिकटवले होते, डिस्क बाहेर काढल्याशिवाय वाचता येत नव्हते.